जखमेआधीच जंतूंना रोखणारे जोसेफ लिस्टर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी रुग्ण वाचेलच याची शाश्वती नसे. १८४६ पासून भूल देण्याचे तंत्र रूढ होऊ लागले आणि वेदनांचे भय सरले. मात्र जखम चिघळून होणारे मृत्यू थांबले नाहीत. जखमेत पू होणे अटळ आहे, असेच बहुतेक शल्यविशारद मानत. हा समज मोडून काढला जोसेफ लिस्टर यांनी.

५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अपटन येथे एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोलाची सुधारणा केली होती. साहजिकच, डोळ्यांना न दिसणाऱ्या सृष्टीचे कुतूहल त्यांना घरातूनच लाभले. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते एडिंबरोला जेम्स साइम यांच्याकडे गेले आणि १८६० मध्ये ग्लासगो येथे शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तेथेच लुई पाश्चर यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले. पदार्थ सूक्ष्मजीवांमुळे कुजतात, तर जखमही त्यांच्यामुळेच कुजत असली पाहिजे, असे त्यांनी ताडले. सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्लाइल शहरात कार्बोलिक आम्ल वापरले जाई. तेच त्यांनी जखमेसाठी निवडले. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीखाली सापडून पाय मोडलेला अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला. हाडाने त्वचा भेदली होती. अशा वेळी पाय कापावा लागणे नित्याचेच. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. चार दिवसांनी पट्टी काढली तेव्हा पुवाचा मागमूस नव्हता. सहा आठवड्यांत हाड सांधले.

१८६७ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यापूर्वी अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नंतरच्या ४० पैकी सहाच. तरीही लंडनमधील अनेकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. लिस्टरही हट्टी नव्हते: हवेत फवारा मारणे अनावश्यक ठरताच १८९० मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सोडले.

१८७१ मध्ये एका बुरशीजवळ जंतू नीट वाढत नाहीत, हेही त्यांनी टिपून ठेवले होते. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या हातून लागायला मात्र १९२८ साल उजाडावे लागले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी लिस्टर यांचे निधन झाले. आज अनेक शस्त्रक्रियांत छेद घेण्यापूर्वीच प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते आणि शस्त्रक्रियेनंतर ती विनाकारण लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध बदलले, तत्त्व लिस्टर यांचेच राहिले: जंतूंना जखमेत ठाव मिळण्याआधीच रोखावे.