पदर आणि पडदा



आजचं वाचन गीतेच्या ७व्या अध्यायातला २५वा श्लोक. भगवंत योगमायेने झाकलेले आहेत, म्हणून सगळ्यांना दिसत नाहीत, असा त्याचा भावार्थ. मग ते दिसले कोणाला? मला संत जनाबाई आठवते.

जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची. आई करुंड, वडील दमा. आई गेली आणि वडिलांनी लहानग्या जनीला पंढरपूरला दामाशेटींकडे ठेवलं. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. दळण, कांडण, पाणी भरणं, शेण्या थापणं यातच तिचं आयुष्य गेलं. आईविना पोर, दासी, त्यात बाई. अशा माणसाकडे कोण बघतो? पण तिने आपलं दासीपण लपवलं नाही. अभंगात नाव घालताना स्वतःला नामदेवांची दासी म्हणवलं.

तिची एक कथा सांगतात. एकदा रात्री विठ्ठल तिच्या खोपटात आले. जाताना घाईत गळ्यातलं पदक तिथेच विसरले आणि शेल्याऐवजी जनीची वाकळ पांघरून निघून गेले. पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला, सुळाची शिक्षा झाली आणि शेवटी सुळाचं पाणी झालं. बघा ना, योगमाया पांघरणारा देव इथे दासीची वाकळ पांघरतो!

तिचा एक अभंग तर आपण सगळ्यांनी ऐकलाय. डोक्यावरून पदर ढळलाय, हातात टाळ, खांद्यावर वीणा, आणि ती भर बाजारात निघालीय. डोक्यावरचा पदर ही तेव्हा बाईची मर्यादा मानली जायची. कापडाचा पदर घ्यायचा की नाही, हे जिचं तिने ठरवावं. जनीने खरा टाकला तो लोक काय म्हणतील, या भीतीचा पडदा. परंपरेनुसार १३५० साली पंढरपूरच्या महाद्वारात तिने समाधी घेतली.

कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आजही भजनी मंडळी टाळ कुटतात. आपल्यालाही सूर धरावासा वाटतो, पण शेजारचे बघतील म्हणून आपण हेडफोन लावून बसतो. ठाण्याला उतरून ऑफिसला जाताना कपाळावरचा बुक्का हळूच पुसतो. हा झाला एक पडदा.

दुसरा त्याहून जाड. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं पूरं नाव आपल्याला माहीत असतं का? स्टेटसला जनाबाईचं जातं ठेवतो आणि रोज दारात येणारी जनी दिसत नाही. मग वाटतं, झाकलेला देव नाहीये, आपलेच डोळे झाकलेत.

आज एवढंच करूया. मावशी आल्या की त्यांचं नाव विचारूया, दोन मिनिटं बसून त्यांच्यासोबत चहा घेऊया. देव कोणाची वाकळ पांघरून येईल, काय सांगावं!

राम कृष्ण हरी 🙏