मॅग्नेशियमची रेषा आणि पुण्याचे नायगमवाला

अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतींत रस्त्यावरचे जुने दिवे पिवळेधमक असायचे. त्यांत सोडियमची वाफ असते. विजेमुळे अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, म्हणजे अणू ‘उत्तेजित’ होतो, आणि खाली येताना ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतो. अशा रेषांवरून पदार्थ ओळखणारे शास्त्र म्हणजे वर्णपटशास्त्र. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी आयुष्य याच कामात घातले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले, तेवढेच सरकारने घातले. हेतू होता वर्णपटाच्या प्रयोगशाळेचा. उपकरणे आणायला ते इंग्लंडला गेले आणि तिथे बेत बदलून वेधशाळेचा झाला! १८८८ मध्ये ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) उभी राहिली.

तेव्हा मृगातल्या तेजोमेघाच्या एका हिरव्या रेषेवरून वाद पेटला होता. ‘नेचर’चे संस्थापक नॉर्मन लॉकियर म्हणत, ती तापलेल्या मॅग्नेशियमची. तसे असते तर मॅग्नेशियमच्या पट्ट्याप्रमाणे तिची एक कड पुसट दिसायला हवी होती. नायगमवालांना दोन्ही कडा सारख्याच रेखीव दिसल्या. १८९१ मध्ये त्यांनी हे इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. लॉकियरच्या विरोधात आणखीही निरीक्षक होते, हे खरे. पण परक्या राजवटीतल्या एका अध्यापकाने एवढ्या मोठ्या माणसाला खोडून काढायला हिंमत लागतेच.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर कोकणात विजयदुर्गला उतरले. नायगमवाला तुकडी घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचाही तळ तिथेच होता. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायचा, तोही चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षारांचा थर दिलेल्या काचेवर. प्लेट चुकली तर दुसरी संधी नाही. जेऊरच्या निरीक्षणांचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये छापून आला.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याचे हे नुकसान कुणाला फारसे टोचलेले दिसत नाही.

त्या हिरव्या रेषेचा उलगडा १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी केला. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. तो अणू उत्तेजित अवस्थेत अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ राहू शकतो. प्रयोगशाळेत मात्र त्याआधीच दुसरा कण येऊन आदळतो, म्हणून ती रेषा तिथे कुणाला सापडत नव्हती. तेव्हा नायगमवाला सत्तरीत होते.