विश्लेषण : बर्फात न रुतणारी गाडी कशी तयार झाली? कोण होते जोसेफ-आर्मां बम्बार्डियर?

मुंबईच्या लोकलमुळे ‘बम्बार्डियर’ हे नाव आपल्याकडे ओळखीचे झाले. या कॅनेडियन कंपनीचे मूळ मात्र रेल्वेत नाही, तर एका खेड्यातल्या गॅरेजात आहे.

जोसेफ-आर्मां यांचा जन्म 1907 मध्ये क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट इथे झाला. हिवाळ्यात तिथले रस्ते बर्फाखाली जात आणि घोड्यांच्या घसरगाडीशिवाय पर्याय नसे. पंधराव्या वर्षी त्यांनी जुन्या फोर्डचे इंजिन घसरगाडीवर बसवून मागे पंखा लावला. गाडी धावली, पण उघड्यावर गरगरणारा पंखा पाहून वडिलांनी ती मोडायला लावली. 1926 मध्ये त्यांनी स्वतःचे गॅरेज उघडले. गाड्यांची दुरुस्ती हा धंदा, बर्फावरची गाडी हा ध्यास.

1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन अपेंडिक्सच्या आजाराने गेला. रस्ते बंद होते आणि गॅरेजातली गाडी चालण्याजोगी नव्हती. या दुःखातून शोध लागला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे, कारण प्रयोग आधीपासून सुरू होते. अडले होते ते गाडीच्या खालच्या भागात.

गाडी रुतते कशामुळे?

पावसाळ्यात कौंडण्यपूरच्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होते, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. इंजिनात जोर असतो, पण सगळे वजन चाकाखालच्या जेमतेम जागेवर येते आणि जमीन ते पेलत नाही. ताज्या बर्फाचेही तसेच. चाकांऐवजी लांब पट्टा लावला की वजन पसरते. लोखंडी पट्ट्यांचे ट्रॅक्टर तेव्हाही होते, पण जड आणि संथ. बम्बार्डियर यांनी रबरी पट्टे पोलादी आडव्या पट्ट्यांनी जोडले, ते फिरवणाऱ्या दातेरी चाकालाही रबर चढवले आणि पुढे स्की बसवल्या. पट्ट्याच्या आतल्या चाकांना स्प्रिंगही हवी; नाहीतर उंचवट्यावर पट्ट्याचा एखादाच भाग टेकतो आणि वजन पुन्हा एका जागी येते. या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्यांना 1937 मध्ये मिळाले.

आधी सात आणि मग बारा आसनांची गाडी आली. रुग्णवाहिका, टपाल, शाळेची बस अशी सगळी कामे ती करू लागली. 1942 मध्ये कंपनी स्थापन झाली.

मग धंदा बसला कसा?

1948 मध्ये क्वेबेक सरकारने रस्त्यांवरचा बर्फ हटवायला सुरुवात केली आणि विक्री कोसळली. बम्बार्डियर यांनी तोच पट्टा दलदलीत नेला. 1953 मध्ये त्यांचा ‘मस्केग’ ट्रॅक्टर आला. पुढे मुलगा जर्मां याने सलग, बिनजोड रबरी पट्टा तयार केला. त्याच्या आधारे 1959 मध्ये ‘स्की-डू’ ही हलकी गाडी बाजारात आली. गुलमर्गला पर्यटक जिच्यावर बसून फोटो काढतात, ती बर्फावरची स्कूटर याच घराण्यातली.

18 फेब्रुवारी 1964 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कंपनी रेल्वे आणि विमानांकडे वळली ती त्यानंतर.