साडीतली मेरी रंगवणारा अँजेलो द फोन्सेका



स्मरणिकेसाठी लेख मागायला आपले वर्गमित्र घरी आले तेव्हा त्यांनी आधीच ठरवलं होतं की शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितील, तू आयुष्यभर चित्रकला शिकवलीस, तेव्हा तू एखाद्या चित्रकारावर लिही. मी होकार दिला, कारण एका चित्रकाराचं देणं माझ्याकडे बरीच वर्षं बाकी आहे. त्याचं नाव अँजेलो द फोन्सेका. गोव्याचा हा माणूस पुण्यात येऊन राहिला आणि पुण्यातच 1967 साली वारला. चर्चमध्ये लावायची, प्रार्थनेसमोर ठेवायची चित्रं करण्यात त्याने उभं आयुष्य घालवलं. गोव्यात आणि ख्रिस्ती कलेच्या अभ्यासकांत त्याचं नाव मोठं आहे. आपल्याकडे मात्र पुण्यात शिकलेल्यांनाही ते माहीत नसतं. मलाही नव्हतं.

फोन्सेकाचा जन्म 1902 चा. मांडवीच्या पात्रातल्या सांत इस्तेव या बेटावरच्या सधन कॅथलिक कुटुंबातला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या घरातल्या मुलाने डॉक्टर किंवा वकील व्हावं, ही रीतच होती. त्याप्रमाणे तो मुंबईला वैद्यकीच्या शिक्षणाला गेला, पण मन रमेना. ते शिक्षण सोडून तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे युरोपीय पद्धतीचं रेखाटन आणि छायाप्रकाश शिकवत. ते त्याला पुरेसं वाटलं नाही. आपल्या मातीचं चित्र कसं काढायचं हा प्रश्न घेऊन तो बंगालला गेला आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याजवळ शिकला.

बंगालमध्ये तो जे शिकला ते चित्रकलेच्या मास्तराच्या नजरेतून सांगतो. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासातून जलरंगाची वॉश पद्धत घेतली होती. कागदावर पातळ रंग लावायचा, वाळला की कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंगाचा हात द्यायचा, पुन्हा भिजवायचा. असं अनेकदा केल्यावर रंग कागदात मुरतो आणि चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखा मऊपणा येतो. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. फोन्सेकाने ही पद्धत उचलली आणि विषय मात्र आपल्या घरचे घेतले. मेरी, बाळ येशू, जोसेफ, शेवटचं भोजन.

1930 च्या सुमारास तो गोव्याला परतला आणि तिथेच ठिणगी पडली. त्याची मेरी गोऱ्या कातडीची, निळ्या झग्यातली नव्हती. ती सावळी होती, साडी नेसली होती, डोक्यावरून पदर घेऊन जमिनीवर बसली होती. गोव्यातल्या प्रतिष्ठित कॅथलिक समाजाला हे सहन झालं नाही. पवित्र माता मोलकरणीसारखी, नाहीतर हिंदू बाईसारखी रंगवली म्हणून टीका झाली. देवाचा अपमान केल्याचा ठपका बसला. ज्यांच्यासाठी शिकून आला, त्यांनाच त्याची चित्रं नकोशी झाली.

यात एक गंमत आहे, आणि ती कळल्याशिवाय फोन्सेका कळत नाही. गोव्याची जुनी चर्चं तुमच्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिली असतील. आतल्या लाकडी वेद्या, त्यांच्यावरचं सोनेरी नक्षीकाम, प्रवचनाचे कोरीव मंच हे सगळं पोर्तुगालहून जहाजात भरून आलेलं नाही. त्यातलं पुष्कळ काम स्थानिक सुतारांनी आणि कोरक्यांनी केलं. काही मंचांच्या खाली तर शेपटीच्या नागकन्या कोरलेल्या दिसतात. हस्तिदंती बाळ येशूचे चेहरेही कधी कधी आपल्याकडच्या बाळांसारखे गोलसर आहेत. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून पवित्र मूर्ती करून घेऊ नयेत, असा नियम सोळाव्या शतकात चर्चला करावा लागला, कारण तसं सर्रास चाललं होतं. नियमानंतरही ते थांबलं नाही. म्हणजे चारशे वर्षं आपल्याच हातांनी घडवलेल्या वस्तूंपुढे लोक हात जोडत होते. ते हात बिननावाचे होते, तोवर कोणाची हरकत नव्हती. फोन्सेकाने तीच गोष्ट आपल्या नावाने, उघडपणे केली आणि त्याला गाव सोडावं लागलं.

तो पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागला. या आश्रमाची मुळं अहमदनगरला आहेत. जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज धर्मोपदेशक नगरला शिकवत असत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि विचारांनी ते भारावले होते. पुढे त्यांनी टिळकांचं चरित्रही लिहिलं. ख्रिस्ती माणसाने या देशात साहेबासारखं राहू नये, या विचारातून 1922 साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला आणि काही वर्षांनी तो पुण्याला आणला. तिथे खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून शाकाहारी जेवण घेत. पुढे गोंड आणि बैगा लोकांमध्ये आयुष्य काढणारे व्हेरिअर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच आश्रमात.

आश्रम होता अँग्लिकन पंथाचा आणि फोन्सेका पक्का कॅथलिक. त्या काळी या दोन पंथांचे लोक एकमेकांच्या प्रार्थनेला जात नसत. तरीही स्वतःच्या लोकांनी नाकारलेल्या माणसाला त्या परक्या पंथाच्या लोकांनी जागा दिली. त्याने स्वतःचा पंथ सोडला नाही आणि त्यांनी तो सोडायला लावला नाही. हे मला फार मोठं वाटतं.

पुण्यात त्याची मेरी मराठी झाली. मागे सह्याद्रीचे माथे आले, समई आली, कमळ आलं. शेवटच्या भोजनाला येशू आणि त्याचे शिष्य टेबलखुर्चीवर न बसता पंगतीसारखे जमिनीवर बसले. रंग मातकट, गेरूचे आणि हळदीचे. त्याच्या मेरीची नजर बहुतेक वेळा खाली असते. पाहणाऱ्याकडे ती बघत नाही, बाळाकडे बघते. 1951 साली त्याचं आयव्ही मेनेझिस यांच्याशी लग्न झालं. पुढच्या अनेक चित्रांत मेरीच्या चेहऱ्यात पत्नीचा चेहरा डोकावतो. त्यांना एक मुलगी झाली.

त्याला अगदीच पाठबळ नव्हतं असं नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास संशोधनाची संस्था उभारणारे स्पॅनिश जेझुइट हेन्री हेरास यांनी त्याच्या चित्रांची बाजू लावून धरली. पुण्यात स्नेहसदन चालवणारे जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी भारतातल्या ख्रिस्ती चित्रकलेवर लिहिलं आणि त्यात फोन्सेकाला मानाचं स्थान दिलं. परदेशातून इथे येऊन राहिलेल्या या माणसांना त्याची साडीतली मेरी पटली. ती पटायला घरच्यांना वेळ लागला.

मग काळच बदलला. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासनेविषयी तिने 1963 च्या डिसेंबरात जो ठराव केला, त्यात सगळ्या लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये जागा असावी असं मान्य झालं. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना होऊ लागली. ज्यासाठी तिसाव्या वर्षाच्या आतबाहेर गाव सोडावं लागलं, ते त्याच्या साठीत चर्चचं अधिकृत धोरण झालं. पण हे सुख त्याला फार काळ लाभलं नाही. 1967 च्या डिसेंबरात मेंदुज्वराने तो गेला.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं आयव्हीबाईंनी त्याची चित्रं सांभाळली. कागदावरचे जलरंग सांभाळणं किती कठीण असतं हे पुण्याचा पावसाळा आणि वाळवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. अखेर त्यांनी तो ठेवा गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवला. ज्या गोव्याने त्या चित्रांना नाकारलं होतं, तिथेच ती परत गेली.

आता माझं देणं. पुण्यात ए.टी.डी. करत होतो तेव्हा त्या आश्रमाच्या फाटकावरून मी रोज सायकल मारत असे. आत कोण राहून गेलं याची मला कल्पना नव्हती. पुढे आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. एका वर्षी सरस्वतीपूजनाला भिंतीवर लावायचं चित्र मी सहावीतल्या एका मुलीला काढायला सांगितलं. तिचा हात चांगला होता. तिने काढलेली सरस्वती सावळी होती. साडीवर भावाचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, कांदा लावणीला जाणाऱ्या बाईसारखी. मांडीवर वीणा होती, पण ती खुरपं धरावं तशी धरलेली. वर्गातली मुलं हसली. मी तिला ते खोडायला लावलं आणि कॅलेंडरमधली सरस्वती समोर ठेवली. तिने मुकाट्याने तशीच्या तशी उतरवली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर एलिमेंटरीच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हणून मी तिच्या मागे लागलो, पण तिने भरला नाही. तिची आई कांदा लावणीला जात होती हे मला नंतर कळलं.

काही वर्षांनी एका पुस्तकात फोन्सेकाची मेरी पाहिली आणि ती मुलगी आठवली. गोव्यातल्या ज्या लोकांनी त्याला नावं ठेवली, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक होता? त्यांनी निदान मोठ्या माणसाशी वाद घातला. मी अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात खोडरबर दिलं.

आपण जुन्नरकर म्हणवतो. आपल्या लेण्यांच्या शिलालेखांत यवन, म्हणजे परदेशी म्हणून ओळखले जाणारे दाते आहेत. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला. परमुलखातून आलेल्या त्या माणसांनी इथल्याच खडकात, इथल्याच पद्धतीचं काम करून घेतलं आणि इथल्याच भाषेत आपलं नाव कोरलं. दोन हजार वर्षांपूर्वी हे आपल्याला चालत होतं. येडगावच्या धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी उभा राहतो तेव्हा समोरचे डोंगर बघून मला कधी लेण्यांतले ते दाते आठवतात, तर कधी फोन्सेका. आपल्या वर्गातलेही निम्मे जण मुंबई, पुणे, काही तर परदेशात जाऊन राहिले. नव्या जागी आपलं काय ठेवायचं आणि तिथलं काय घ्यायचं, हा प्रश्न त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल.

आपल्या चित्रकलेच्या सरांनी आपल्याला कधी खोडायला लावल्याचं मला आठवत नाही. माझा काढलेला बैल गाढवासारखा दिसायचा, तरी ते शेजारी बसून फक्त त्याची शिंगं नीट करून द्यायचे. ते या मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. मी फोन्सेकाच्या चित्रांची छापील पानं घेऊन येतो. जेवणं झाली की वडाखाली बसून सगळे मिळून बघू. सरांच्या शेजारची जागा मात्र माझ्यासाठी ठेवा.