६१७४ : देवळालीच्या मास्तरांनी स्वतःच काढलेलं कोडं

गणेशोत्सवातली प्रश्नमंजुषा असो की शाळेतली सामान्यज्ञान स्पर्धा, प्रश्न काढायची वेळ आली की आपण जुनं पुस्तक उघडतो. राजधान्या, नद्या, पहिले पंतप्रधान. ऐकणाऱ्यांना उत्तरं आधीच पाठ असतात. स्वतःचा, नवा कोरा प्रश्न काढणं खरंच इतकं अवघड आहे का?

याचं उत्तर एका शाळामास्तरांच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डहाणू ते देवळाली

राईहून भाईंदर स्टेशन गाठलं आणि पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे जात राहिलं की डहाणू येतं. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधी राई आणि डहाणू दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होती. याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी कापरेकरांचा जन्म झाला.

ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. मुलाला ती आकडेमोड आवडली, ज्योतिष मागे पडलं. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, त्यानंतर पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली त्यांना विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिलं जाणारं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी हाती आली. पुढचं शिक्षण मात्र झालं नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले.

ना प्रयोगशाळा, ना मोठा ग्रंथसंग्रह. हाताशी कागद, पेन्सिल आणि रिकामा वेळ. मग त्यांनी प्रश्नच असे निवडले, ज्यांना एवढंच पुरे होतं.

प्रश्न काय होता?

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. समजा २०२५. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा : ५२२०. मग चढत्या क्रमाने : ०२२५. मोठ्यातून लहान वजा करा, ४९९५ येतात. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४.

आता ६१७४ वर करून पाहा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. इथून पुढे सुटका नाही. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोहोचता.

यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच फटक्यात अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. तिथून पुढची वाट आपोआप अरुंद होत जाते.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. आज जग या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतं.

अटी विसरलात तर प्रश्न फसतो

प्रश्न काढणाऱ्यांनी इथे थांबून बघावं. ११११ घेतलं तर उत्तर शून्य येतं, म्हणून चारही अंक सारखे नकोत. १००० घेतलं तर पहिली वजाबाकी ०९९९ येते. पुढचा शून्य गाळला तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास. शून्य ठेवला तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणजे दोन छोट्या अटी सांगितल्याशिवाय हा प्रश्न बरोबरच नाही. तीन अंकांत याच रीतीने ४९५ मिळतात. दोन अंकांत मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं.

साध्या गोष्टीतून नवा प्रश्न

कापरेकरांना प्रश्न कुठेही सुचायचे. ‘डेमलो संख्या’ हे नाव तर जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून आलं, तिथे त्यांना ती कल्पना सुचली होती. आजची डोंबिवली म्हणजेच ते स्टेशन, असं सांगितलं जातं. १११ चा वर्ग १२३२१, हा त्याच कुटुंबातला नमुना.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे, २० आणि २५, मिळवा : पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज मिळवली की २१ होतात. पण अशा रीतीने २० कोणत्याही संख्येपासून तयार होत नाही. तिला त्यांनी स्वयंभू म्हटलं, आणि अशा संख्यांना आपल्या गावाचंही नाव दिलं : देवळाली संख्या.

मान उशिरा आला

देशातल्या अनेक गणितज्ञांना हे पोरखेळ वाटले. कापरेकरांचं बरंचसं लेखन छोट्या नियतकालिकांत आलं किंवा त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून काढल्या. निवृत्तीनंतर, १९६६ साली पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकड्यांचा नाद मात्र सुटला नाही.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीत त्यांचं निधन झालं.

त्यांचे प्रश्न आज चौथीतलं मूलही सोडवून पाहू शकतं, कारण त्यांना वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. उत्तर खरं की खोटं हे ज्याचं त्याला तपासता येतं, परीक्षकाला विचारावं लागत नाही. पुढच्या प्रश्नमंजुषेसाठी पुस्तक उघडण्याआधी एकदा कागद घ्या आणि तुमच्या जन्मवर्षापासून सुरुवात करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ आलं नाही, तर वजाबाकी तपासा.