एचपीव्ही लसीआधीची गोष्ट : कोण होते डॉ. खानोलकर?

नाशिकमधल्या सहावी-सातवीतल्या मुलीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस आत्ताच का द्यायची, असा प्रश्न पालकांना पडणे साहजिक आहे. कर्करोग हा नशिबाचा भाग नाही, त्याचे कारण शोधले तर तो टाळता येतो, हा विचार भारतात रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होते.

कोण होते खानोलकर?
जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी. मुंबईत परतून त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

काय शोधले?
भारतात कर्करोग दुर्मीळ आहे, असा तेव्हा अनेक डॉक्टरांचाही समज होता. खानोलकरांनी गाठ तपासताना रुग्णाचे राहणीमानही तपासले. ओठात धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी, पेटते टोक तोंडात ठेवून ओढलेला चुट्टा, कमरेला वर्षानुवर्षे काचणारे धोतर यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह मांडला.

स्त्रियांमध्येही फरक दिसत होता. पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळे. लवकर लग्न आणि वारंवार बाळंतपण यांकडे संशयाची सुई वळली. पण नेमके कारण हाती लागले नव्हते.

१९५२ मध्ये ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. १९५४ मध्ये पद्मभूषण, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग कारण कधी सापडले?
पाचच वर्षांनी. १९८३ मध्ये जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूला गर्भाशयमुखाच्या गाठीत एचपीव्ही-१६ विषाणू सापडला. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. पहिली लस २००६ मध्ये आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' २०२३ मध्ये.

लस लहानपणीच का?
विषाणूशी संपर्क येण्याआधी घेतली तरच लस सर्वाधिक उपयोगी. म्हणून ९ ते १४ हे वय योग्य. लसीत जिवंत विषाणू नसतो. मात्र ती सर्व प्रकारच्या एचपीव्हीपासून वाचवत नाही, त्यामुळे तिशीनंतरची तपासणी चुकवू नये. मुलीला लस देताना आईनेही स्वतःच्या तपासणीची तारीख ठरवावी.