तुरुंगातलं दळण आणि आईची अन्नपूर्णा

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली आपली जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, ते आपल्या भागातल्या बऱ्याच जणींना ठाऊक असेल. ग्रामदानाची ही कल्पना विनोबा भावे यांची. पवनारचा त्यांचा आश्रमही आपल्याला काही लांब नाही. भूदानासाठी देशभर पायी फिरलेले विनोबा सगळ्यांना माहीत आहेत, पण तुरुंगाच्या जात्यावर बसलेले विनोबा फारसे कुणी सांगत नाही.

कोकणातल्या गागोदे गावी १८९५ साली त्यांचा जन्म झाला. आई रुक्मिणीबाई, तिचा हा विन्या. शेजारच्या घरची बाई गावाला गेली की रुक्मिणीबाई तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करून देत. पण आधी आपल्या घरचा उरकत, मग तिकडे जात. हा आपमतलबीपणा नाही का, असं विन्याने एकदा विचारलं. आईने समजावलं की आधी त्यांचं केलं तर जेवायच्या वेळेपर्यंत त्यांचं अन्न गार होईल. आता सांगा, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

शाळा-कॉलेजात विनोबांचं मन रमलं नाहीच. बडोद्याला असताना एक दिवस आई चुलीशी बसली होती, तिच्यासमोरच त्यांनी आपली सर्टिफिकेटं चुलीत घातली. १९१६ साली घर सोडलं. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात पोचले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्या हातातही विळी-चाकूचं काम दिलं. एवढा शिकलेला ब्राह्मणाचा मुलगा, त्याने तोवर भाजी चिरली नव्हती!

१९१८ च्या साथीत आई गेली. मागे राहिलेल्या वस्तूंतून विनोबांनी दोनच घेतल्या, आईचं एक लुगडं आणि तिच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती. लुगडं खादीचं नव्हतं. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर त्यांनी ते साबरमतीत सोडलं. मूर्तीची रोज पूजा व्हावी म्हणून ती आश्रमातल्या एका बाईंकडे सोपवली.

मग आलं १९३२ साल. सत्याग्रहात शिक्षा होऊन ते धुळ्याच्या तुरुंगात गेले. तेव्हाच्या तुरुंगात दळण ही शिक्षा असायची, ठरलेल्या वजनाचं पीठ पडलंच पाहिजे. कच्ची भाकरी आणि पाणीदार आमटी ही रोजची रड. सक्तीचं काम कशाला करायचं, म्हणून राजकीय कैदी अडून बसत. विनोबांचं म्हणणं उलटं होतं. खायचं तर श्रम करायचे, मग ते सरकारच्या भीतीने नको, आपल्या मनाने करू. ते स्वतः दळायला बसले, बाकीचेही आले. स्वयंपाकघराचं कामही या मंडळींनी आपल्या हाती घेतलं. आपण करायचं, आपणच खायचं म्हटल्यावर भाकरी कच्ची राहील कशी? जातं तेच, तुरुंगही तोच, पण त्यातली शिक्षा गेली.

याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजी ती लिहून घेत. म्हणून तर 'गीता प्रवचने' आज घराघरांत आहे. ऐकणाऱ्यांत महिला कैदीही असत.

'गीताई'ची पहिली आवृत्ती त्याच वर्षी धुळ्यात निघाली. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत सोपी हवी, असं रुक्मिणीबाईंनी कधीकाळी विन्याला सांगितलं होतं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती.